हेड उतरवलंय

चिकोडीला समुद्र नाही. तो आहे घाट उतरून पलीकडे, निपाणीहून मुदाळतिट्टा, राधानगरी, फोंडाघाट करत गेलं की देवगडला. तालुक्यात कृष्णा आहे, दूधगंगा आहे, पण खुद्द गाव नदीपासून चांगलं लांब, कोरड्या पायानं उभं. तरीही बोटीच्या इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस इथं शोधून सापडायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात नदीकाठच्या गावांत बचावपथकाच्या रबरी बोटी आल्या. म्हशी सोडून निघायला तयार नसलेल्या एका आजोबांना घरच्यांनी कसंबसं दारापर्यंत आणलं. बोटीत पाय ठेवायच्या आधी त्यांनी जवानाला विचारलं, "इंजिन कितीचं हाय?" जवानानं हिंदीत काहीतरी आकडा सांगितला. आजोबांनी बोटीकडं एकदा पाहिलं आणि नाइलाजानं चढले. आकडा कमी वाटला असावा.

हा दोष मातीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कुंडल रोडला कारखाना काढला. लोखंडानं जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. त्याच शेतकऱ्यांची पणतवंडं आज ट्रॅक्टर घेताना आधी एचपी विचारतात आणि किंमत मागाहून. वीज यायच्या आधी नदीकाठी ऑइल इंजिनं होती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून 'हे पाटलांचं, हे मळ्यातल्या तात्यांचं, आणि हे आत्ता बंद पडणार' एवढं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. तिकडं कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून सिलिंडर हेडं ओतली जातात आणि देशभर जातात. थोडक्यात, इंजिनाचं डोकं आमच्या बाजूचं. ते कुठं जाऊन चालतं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

निपाणी रोडला आमचे एक मिस्त्री आहेत. बोलतात मराठीत, बोल्ट मोजतात कन्नडात. त्यांच्याकडं परवाच्या जूनमध्ये देवगडहून एका तांडेलांनी आपल्या बोटीच्या इंजिनाचं हेड आणलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, इंजिनं खोललेली, आणि तांडेल लोकांना पहिल्यांदाच विचार करायला सवड. सवडीत सुचलेल्या कल्पना महाग पडतात. सहा सिलिंडरचं लेलँड, चांगलं चालणारं. पण शेजारच्या बोटीत जास्त ताकदीचं चिनी इंजिन बसलं होतं.

"मिस्त्रीनू, माका स्पीड होयो," तांडेल म्हणाले.

"करूया की," मिस्त्री म्हणाले. नाही म्हणणारा मिस्त्री आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

गोणपाट सोडल्याबरोबर शेडमध्ये सुरमईचा वास पसरला. मासेमारी बंद असली तरी वासाला तो कायदा लागू नसावा. दोघांनी मिळून हेड बाकावर उलटं ठेवलं. कोळशासारखी काजळी खरवडून काढली, मग मिस्त्रींनी हेड आडवं करून एकेका पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि बिडी न पेटवता नुसती ओठांत धरून बसून राहिले. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसत असेल तर रॉकेल तिथंच राहतं. नसेल तर कडेनं ओल दिसू लागते. पहिला कोरडा, दुसरा कोरडा, तिसऱ्याच्या कडेला एक बारीक ओला चंद्र उमटला. "ह्यो बगा तुमचा स्पीड," मिस्त्री म्हणाले, "हितनं पळून जातोय." मग काठीला रबरी वाटी, व्हॉल्व्हला पेस्ट, आणि दोन तळव्यांत काठी धरून ताक घुसळावं तसं घुसळणं. व्हॉल्व्हच्या कडेला सगळीकडून सारखा, करडा, मंद पट्टा आला की काम झालं. इंजिनाची गेलेली ताकद परत आणण्याचा एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. पण गेलेली परत आणण्यात कुणाला रस नसतो. नसलेली हवी असते.

त्यासाठी पोर्ट मोठे करायचे, आतली ओतीव खडबड घासून गुळगुळीत करायची, वर सायलेन्सर मोकळा करायचा. यामागचं शास्त्र मिस्त्रींनी निपाणीकरांना शोभेल अशा भाषेत सांगितलं. "चिलीम वडताय नव्हं? वरनं आत शिरायला वाट मोकळी पायजे, आनि खालनं भाईर पडायलाबी. एक जरी तुंबलं तर नुसता गाल दुखतोय." पुस्तकांत हेच पन्नास पानं घेऊन सांगतात. सिलिंडरमध्ये हवा जेवढी जास्त शिरेल आणि जळका धूर जेवढा लवकर बाहेर पडेल तेवढं इंधन नीट जळेल. पेट्रोल इंजिनात हेडचा तळ थोडा घासून उतरवला की दाब वाढतो आणि ताकदही वाढते. डिझेलचं तसं नाही. तिथं दाब मुळातच एवढा असतो की नुसत्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. आणखी घासायला गेलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली चिमूटभर जागा संपते आणि दोघांची नको तितकी ओळख होते. डिझेलमध्ये खरी ताकद टर्बो आणि पंप वाढवतात. तेही माफक. पंप नुसताच सोडला तर जादा डिझेल न जळता काळा धूर होऊन जातं, आणि जेटीवरचे लोक तो धूर बघून म्हणतात, काय पॉवर हा!

बोटीच्या धुराड्याचं दुखणं तर वेगळंच. गाडीच्या धुराड्याला धावताना वारा मिळतो, बोटीच्या धुराड्याला लाकडाच्या पोटात बसावं लागतं. म्हणून पुष्कळ बोटींत एक्झॉस्टमध्ये खारं पाणीच सोडतात. धूर आणि पाणी एकत्र बाहेर पडतं, पाइप थंड राहतो. हा पाइप आधी उंच चढवून मग खाली उतरवायचा असतो. ताकदीच्या हौसेपायी कुणी त्याची कमान कमी केली, की इंजिन बंद केल्यावर तेच पाणी पाठच्या वाटेनं सिलिंडरमध्ये येऊन बसतं. दुसऱ्या दिवशी चावी फिरवली की जो आवाज होतो तो ऐकून तांडेल आधी देवाचं नाव घेतात, मग मिस्त्रींचं.

आणि हे सगळं निभावलं, तरी पाणी उरतंच. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२ मध्ये टॉर्की इथं आपल्या घराशेजारी लांबलचक टाकी बांधून तीत बोटींचे नमुने ओढून पाहिले. तेव्हापासून माणसाला कळलंय की पाणी कापत जाणारी बोट स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की स्वतःच्याच लाटेच्या चढाला लागते. पाण्यातली लांबी ३६ फूट असेल तर साधारण ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटरच्या आसपास ही चढण सुरू होते. त्यापुढं ताकद वाढवली की बोट पळायच्या ऐवजी ढुंगण खाली घालून तोंड वर करते. त्या हद्दीच्या अलीकडंही हिशेब उदार नाही. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट लागते. हेड आणि एक्झॉस्ट मिळून १५ टक्के ताकद वाढली असं अगदी मोठ्या मनानं धरलं, तर वेग वाढतो जेमतेम ५ टक्के. पंखा जुनाच ठेवला तर तोही नाही.

हे मी तांडेलांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद नीट पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "बरोबर आसा तुमचा," ते म्हणाले. मग मिस्त्रींकडं वळून, "आवाज कसो येतलो?"

इथं मला चिकोडी बसस्टँडवरचं सगळं तरुण मंडळ आठवलं. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाक्यासारखा वाजणारा बसवणारी ही मुलं. पोलीस ते सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात आणि आठवड्याभरात नवे येतात. त्यातल्या कुणालाही वेगानं कुठं पोचायचं नसतं. पोचायची जागाच मुळात चहाचा गाडा. त्यांना फक्त आपण येतोय हे आधी कळायला हवं असतं. माणसाची ही गरज जुनी आहे. पूर्वी बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधून भागायची, आणि घुंगरांनी डिझेल जास्त जळत नसे.

तांडेलांवर मात्र सरसकट हसता येत नाही. जाळं ओढताना बोट सावकाश चालते आणि तेव्हा ताकद खरोखरच लागते. शिवाय बंदरात लिलाव सुरू व्हायच्या आधी जी बोट लागेल तिला भाव बरा. पाच टक्के म्हणजे पाचच मिनिटं, पण ती पाच मिनिटं पापलेटच्या टोपलीवर पैशांत दिसतात. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याचा चढ चढणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावं लागत नाही. पुढची चाकं उचलू नयेत म्हणून तो बॉनेटवर माणसं बसवतो आणि माणसंही आनंदानं बसतात.

जुलैच्या अखेरीला हेड परत गेलं. पाठोपाठ मिस्त्री स्वतः देवगडला गेले आणि मधून बाहेर, तीन टप्प्यांत, ओंदू-एरडू-मूरू करत बोल्ट आवळून आले. पोर्ट घासलेले, एक्झॉस्ट मोकळा, कमान मात्र मिस्त्रींनी हट्टानं होती तेवढीच ठेवलेली. ऑगस्टात तांडेलांचा फोन आला. मिस्त्रींनी तो शेडभर ऐकू जाईल असा मोठा केला.

"काय भाऊ, पळतीया का बोट?"

"धावता हो, पयल्यासारकीच धावता."

"मग? आवाज कसा हाय?"

"आवाज मातर फस्कलास! दर्यात आसतानाच बंदरात आयकाक येता." जरा थांबून तांडेल म्हणाले, "त्येचीच तर पंचाईत. डिझेलची उधारी वसूल करणारो आता आमच्याआदी जेटीर येवन उभो ऱ्हवता."