नवस कसा बोलावा आणि कसा फेडावा
(यवतमाळ जिल्ह्यातल्या आयांसाठी सुलभ मार्गदर्शिका)

नवस बोलणं सोपं आहे, असा पुष्कळांचा समज असतो. हात जोडायचे, मनातलं सांगायचं, एक नारळ कबूल करायचा, झालं! या समजापायीच घरोघरी नवसांची थकबाकी साचते. मग मिक्सर जळाला तरी सासूबाई म्हणतात, "कोणाचा तरी नवस राह्यला असन बाप्पा." ही वेळ येऊ नये म्हणून पुढील नियम नीट वाचावेत.

1. अर्जदार

नवस घरातल्या कोणासाठीही चालतो, बोलायचा मात्र आईनं. ज्याचं काम अडलंय त्यानं स्वतः बोलायची पद्धत नाही. पेरणी होऊन पावसानं दडी मारली की घरधनी पारावर बसून सरकारला बोलतो. देवाशी बोलणं आईकडे. मुलगा बारावीला असतो, म्हणजे मोबाइलवर असतो. त्याच्या वतीनं आई कळंबच्या चिंतामणी गणपतीसमोर उभी राहते. लाभार्थ्याची संमती घ्यायची गरज नाही. सांगितलंच तर तो म्हणतो, "काहून व आई, असं काही नसते." आणि निकालाच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठल्यासारखं करून विचारतो, "पण बोलली ना तू?"

2. कार्यक्षेत्र

शिक्षण, नोकरी आणि किरकोळ काळज्या यांसाठी कळंब. नागपूर रस्त्यावर, यवतमाळहून वीस-बावीस किलोमीटर. इथला चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून भेटतो. समोर कुंड आहे. दर बारा वर्षांनी त्याचं पाणी चढून मूर्तीच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे. बारा बारा वर्षांचा हिशेब सांभाळणारा देव आपला नारळ विसरेल, अशी आशा धरू नये.

लग्न, पाळणा आणि घराण्याचे मोठे प्रश्न कुळदेवीकडे न्यावेत. अनेकांची ती माहूरची रेणुका. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो, पण देवीच्या दरबारात रहिवासी दाखला मागत नाहीत. परतताना कुटलेल्या विड्याचा तांबूल घ्यावा. तो पोचपावती समजावा.

दुखणं असेल तर शेगाव. गजानन महाराजांवरच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे 21 अध्याय आहेत. एका बैठकीत पारायण कबूल करण्याआधी आपल्या कमरेचा सल्ला घ्यावा. आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यावरही आया जातात. काळजी सारखी असली की रांगही एकच होते.

महत्त्वाची सूचना: एकाच कामाचा अर्ज दोन ठिकाणी करू नये. काम झाल्यावर ते कोणी केलं हे कळायला मार्ग नसतो आणि दोन्हीकडचं देणं लागतं.

3. मसुदा

इथं बहुतेक आया फसतात. देव शब्दाला शब्द धरतो. "पोरगा पास होऊ दे" एवढंच म्हटलं तर अमरावती बोर्ड त्याला 35 टक्क्यांवर पास करतं आणि देव मोकळा होतो. "डॉक्टर होऊ दे" म्हणताना आधी 'शासकीय' लावावं. यवतमाळातच 1989 पासून वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा नावानिशी मागायला हरकत नाही. नाही तर मुलगा खासगी कॉलेजात डॉक्टर होतो आणि वावर विकायला निघतं.

कापसाच्या बाबतीत तर वकील लावावा इतकी बारकाई हवी. "पाऊस पडू दे" हे वाक्य अर्धवट आहे. तो बोंडं फुटल्यावर, ऐन वेचणीतही पडतो. म्हणून "मृगात पडू दे, दिवाळीत नको" असं दोन कलमांत मागावं. "भाव वाढू दे" हेही अपुरं. भाव वाढतो, पण आपला कापूस विकून झाल्यावर. "आपला कापूस घरात असताना" हे शब्द घातल्याशिवाय हात जोडू नयेत.

स्पष्ट मसुद्याचा जुना नमुना हवा असेल तर एकनाथांचं भवानीआईला रोडगा कबूल करणारं भारूड आठवावं. त्यातली सून सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर आणि नवरा अशी एकेकाची नावं घेऊन सोय लावते आणि शेवटी एकटीच राहू दे म्हणते. कीर्तनकार त्याचा अर्थ विकार आणि मोहपाशांशी लावतात. पण तो अर्थ कळण्याआधीच मंडपातल्या बायका हसलेल्या असतात, याची नोंद घ्यावी.

4. मोबदला

नवसात काय द्यायचं? पैसा आईच्या हातात नसतो. दागिना कबूल केला तर घरात बैठक बसते. म्हणून आई तिच्या एकटीच्या मालकीचं जे आहे तेच देते: आपलं जेवण आणि आपले पाय.

त्यामुळे उपासाचा आठवडा असा भरत जातो. सोमवार महादेवाचा, नवऱ्याच्या रक्तदाबासाठी. मंगळवार गणपतीचा, मुलाच्या भरतीसाठी. गुरुवार महाराजांचा, सासूबाईंच्या डोळ्यांसाठी. शुक्रवार संतोषी मातेचा, मुलीच्या स्थळासाठी. 1975 साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला आणि शुक्रवारी आंबट वर्ज्य करणाऱ्या घरांची संख्या वाढली. तिथं वरणावर लिंबू पिळायचीही सोय नाही. शनिवार मारुतीचा, सर्वसाधारण. मध्ये चतुर्थी आणि एकादशी आली तर ती सवलत समजू नये. ती वेगळी मोजतात.

उपासाच्या दिवशी स्वयंपाक दोनदा करावा. एक घरासाठी, एक आपल्यासाठी. साबुदाण्याची उसळ आधी बिनउपासाची मंडळी "चव पाहून" संपवतात, हे गृहीत धरून साबुदाणा भिजवावा.

पायांचं देणं नवरात्रात. दुर्गोत्सवात कोलकात्याच्या खालोखाल यवतमाळच, असं आमच्याकडे छाती पुढे काढून सांगतात. रोषणाई पाहायला सारं गाव रात्री बाहेर पडतं. पहाटे अनवाणी देवीला जाणाऱ्या बायका मात्र तीन तास झोपून उठलेल्या असतात.

हे सगळं कशासाठी, असं शिकलेली मुलगी विचारते. तिला खरं उत्तर द्यावं. बियाणं मातीत गेलेलं असतं, पोरगा परीक्षेच्या खोलीत असतो, सासूबाईंना ऑपरेशनला आत नेलेलं असतं. करण्यासारखं सारं करून झालं तरी वेळ उरतो, आणि आईला रिकामं बसायची सवय नसते. अशा वेळी देव तिला काम देतो. तो ऐकतो, असा तिचा विश्वास आहेच. शिवाय तिचं म्हणणं मध्येच न तोडता ऐकणारा घरात तो एकटा आहे.

5. फेड

काम झालं की लाभार्थी विसरतो. मुलाला पुण्यात नोकरी लागते आणि कळंबला यायला रजा मिळत नाही. मित्राच्या हळदीला मिळते. अशा वेळी आईनं त्याच्या वतीनं जावं. शास्त्रात अडचण नाही, गुडघ्यात असते. फेड लांबली की व्याज धरावं: पावशेर पेढ्यांचे किलोभर होतात. काम अर्धवट झालं, म्हणजे नोकरी लागली पण कंत्राटी, तर नारळ फोडावा आणि पेढे कायम ऑर्डर येईपर्यंत रोखून धरावेत.

6. शिफारस

सर्व प्रकारांत आम्ही रोडग्यांच्या नवसाची शिफारस करतो. त्यात श्रद्धेपेक्षा कामाची वाटणी महत्त्वाची. रोडगे होतात शेतात किंवा मारुतीच्या पाराजवळ. जाडसर कणकेचे तेल लावून घडी घातलेले गोळे गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून वर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. आणि जगऱ्याशी आमच्याकडे बहुधा पुरुष असतात! एरवी गॅस कुठून पेटतो हे विचारणारा माणूस त्या दिवशी डोळ्यांतलं पाणी पुसत रोडगे उलटत असतो आणि बायको पळसाच्या पत्रावळीपुढे बसून दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागते.

7. स्वतःसाठी नवस

या सदराखाली आजवर फारसे अर्ज आलेले नाहीत, त्यामुळे नमुना देत आहोत. आपला गुडघा बरा व्हावा असं वाटत असेल तर आपला आणखी एक वार देऊ नये. वार फारसे शिल्लकही नाहीत. मोबदला घरच्यांच्या नावे कबूल करावा, अगदी जसा इतकी वर्षं त्यांच्या कामांचा आपल्या नावे केला तसा, आणि त्यांना न विचारता. मसुदा असा: "मारुतीराया, माझा गुडघा बरा होऊ दे. मुलाचे वडील कळंबला पायी जातील. मुलगा पुण्याहून रजा काढून येईल, पन्नास माणसांचे रोडगे दोघं मिळून भाजतील, वाढतील आणि भांडी घासतील."

शेवटचं कलम गाळू नये. देव शब्दाला शब्द धरतो, घरचे त्याहून जास्त.