सेटिंगवाले मिस्त्री

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘सेटिंग’ हा शब्द दोन ठिकाणी चालतो. एक सोसायटीच्या निवडणुकीत, दुसरा पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरात. पहिल्या सेटिंगला माणसं पुष्कळ, दुसऱ्याला एकच: मिस्त्री. तेर घ्या, ईट घ्या, येरमाळा घ्या. स्टँडजवळ एक पत्र्याचं शेड सापडणारच. दारात पोट फाडलेल्या चार मोटारी, आत जळक्या वार्निशचा वास आणि तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यांत मांडी घालून बसलेले मिस्त्री.

“मोटार जळली,” म्हणत कुणी आलं, की मिस्त्री मोटारीकडे बघतही नाहीत. “रिले कितीवर होता?” एवढंच विचारतात. मालक टोपी सारखी करतो, खाली बघतो. “बारावर असंल.”

मोटार पाच एचपीची, पितळी प्लेटवर साडेसात अँपिअर लिहिलेलं. त्याच्या पुढं गेलं की ज्यानं बोंब मारायची, त्या राखणदाराला मालकानं बारापर्यंत झोपायची मुभा दिलेली!

“अहो, पण सारखा ट्रिप मारतो की!”

मग मिस्त्री रिले उघडून आतली पट्टी दाखवतात. “दोन धातू एकमेकांना चिकटवलेत. तापलं की एक जास्त ताणतो, दुसरा कमी. एका बांधावरचे सख्खे भाऊच म्हणा. पट्टी वाकती, दांडी ढकलती, मोटार बंद. मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट वढती, तेवढ्यानं ही वाकत न्हाई. लग्नघराचा खर्च पहिल्या पंगतीवरून धरत न्हाईत, तसं. पण पंगत उठंचना, तर आचारी जळणारच.”

मालकाचंही खोटं नसतं. लाइट आठ तास, त्यात पाळी रात्रीची. लाइट आली की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या शिवाराच्या मोटारी एकदम उठतात, डीपी कण्हते, व्होल्टेज बसतं. व्होल्टेज कमी, म्हणून मोटार अँपिअर जास्त ओढते, म्हणून रिले पडतो. बॅटरी घेऊन ज्वारीतून तिसऱ्यांदा हिरवं बटन दाबायला जाताना कुणाला धातुशास्त्र आठवेल? तो रिले डायरेक्ट करतो. तेवढ्यात डीपीवरचा एक फ्यूज उडतो, मोटार दोन फेजवर घुमत राहते आणि सकाळी शेडच्या दारात येते.

आता मोबाईल स्टार्टर आलेत. त्यात सिमकार्ड असतं. फेज गेला, बोअरचं पाणी तुटलं, की फोन करून सांगतं. बोअर कोरडा पडला की मोटारीला उचलायला काही उरत नाही, अँपिअर उतरतात, यंत्र ते ओळखतं. हे आकडे भरायचं काम मिस्त्रींचं, आणि तिथंही घासाघीस.

“व्होल्टेज तीनशे चाळीसच्या खाली गेलं की बंद.”

“तीनशे करा की.”

“मालक, ही काय शेळी हाय व्हय भाव पाडायला?”

एकानं तर रात्री दोनला झोपमोड होते म्हणून स्टार्टरचा नंबरच ब्लॉक केला. मिस्त्री हात जोडून म्हणाले, “भावकीला ब्लॉक करा, मोटारीला नको.”

धंद्याचा पेच मात्र ते कुणाला सांगत नाहीत. रिले बरोबर लावला, की मोटार जळत नाही. मोटार जळली नाही, की वायंडिंग नाही. तरीही टाँगटेस्टर तारेभोवती अडकवून, चालत्या मोटारीचे अँपिअर बघून, ते डायल अर्ध्या-अर्ध्या काट्यानं फिरवतात. स्वतःच्या पोटावर पाय देण्यात एवढी नजाकत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

परवा त्यांची स्वतःच्या मळ्यातली मोटार जळली. गाव बघायला जमलं. मिस्त्रींनी पेटी उघडली. डायल साडेसातवर, अगदी चोख. पण रिलेच्या दोन स्क्रूंना तांब्याच्या तारेचा पीळ मारून तो डायरेक्ट केलेला. त्यांनी तार चिमटीत धरून उजेडात पाहिली. बावीस गेज. त्यांच्याच भेंडोळ्यातली.

कारभारीण पाटाकडे बघत म्हणाल्या, “तुमच्या सेटिंगनं कांदा वाळला असता.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढं ‘घर’ असं लिहिलं, आणि कारण या रकान्यात ‘जादा लोड’.