फॅमिली गार्डनचे यजमान

फॅमिली गार्डनचे यजमान धाराशिव जिल्ह्यात रविवारी संध्याकाळी साडेसातनंतर दिसू लागतात. पगार झालेला असला किंवा आडतीवरून सोयाबीनची पट्टी हातात आलेली असली की त्यांची संख्या वाढते. वय चाळिशीपुढचं, शर्ट इस्त्रीचा, गाडीची किल्ली बोटात फिरती. सोबत बायको, दोन मुलं, आई आणि बहुधा पुण्याहून आलेले मेहुणे असतात. यातले मेहुणे महत्त्वाचे. पाहायला कुणी नसेल तर हेच यजमान बसस्थानकासमोर उभ्याउभ्या पुरीभाजी खाऊन मोकळे होतात.

सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवकडे येणारा रस्ता आणि नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादला जाणारा महामार्ग हा त्यांचा मुख्य वावर. ‘प्युअर व्हेज, मल्टिक्युझिन, फॅमिली गार्डन’ ही पाटी दिसली की गाडी आपोआप आत वळते. या जिल्ह्याचं जुनं नाव ज्या उस्मानाबादी शेळीनं देशभर नेलं, ती प्रामुख्यानं मटणासाठीच नावाजलेली आहे. यजमानांचाही मटणाशी वाद नाही. त्याची सोय मित्रांबरोबर दुसऱ्या ढाब्यावर, दुसऱ्या वारी होते. पण आईचा मंगळवार, बायकोचा शुक्रवार, श्रावण आणि भवानीचं नवरात्र सांभाळून सगळ्या घराला एका टेबलावर बसवायचं तर शुद्ध शाकाहारीला पर्याय नाही. शिवाय तिथे शेजारच्या टेबलावर बाटली नसते, आणि ‘प्युअर व्हेज’ या पाटीचा खरा दिलासा बायकांच्या दृष्टीनं बहुतेक तोच असतो.

पहिला विधी जागा निवडण्याचा. एसी हॉल रिकामा असला तरी यजमान लॉनच पसंत करतात. कारण देतात मोकळ्या हवेचं. ते खोटं नाही. बालाघाटाच्या पठारावर मे महिन्यातही रात्री बऱ्यापैकी वारा सुटतो. याच वाऱ्यानं टिश्यू पेपर मेहुण्यांच्या सूपात जातो, ही गोष्ट वेगळी. कारंज्याजवळ डास, दिव्याखाली किडे आणि किचनजवळ धूर, असं पाहत कुटुंब तीन टेबलं बदलतं. तोवर मुलं घसरगुंडीवर पोचलेली असतात आणि आईनं प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय गवतात रुतत असल्याचं दोनदा सांगितलेलं असतं.

मग मेन्यूकार्ड. हे पुस्तक बरंच जाड असतं आणि यजमान ते मोबाइलच्या उजेडात पहिल्या पानापासून वाचतात. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, तंदूर, पिझ्झा, पास्ता. तेवढ्यात दोन-तीन देश होऊन जातात. पनीर तुफानी आणि पनीर अंगारा यांत फरक काय, असं ते वेटरला विचारतात. “अंगारा जरा तिखट येतो, साहेब,” असं उत्तर मिळतं. खरी गोष्ट भटारखान्यात असते. तिथे संध्याकाळपूर्वीच टोमॅटो-कांद्याची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि तळल्या कांद्याची तपकिरी ग्रेव्ही पातेल्यांत तयार ठेवलेली असते. पन्नास नावांच्या भाज्या याच दोन-तीन पातेल्यांतून, मसाला आणि मलई कमी-जास्त करून निघतात. हे लबाडीचं काम नव्हे. एका कढईवरच्या माणसाला रविवारची गर्दी दुसऱ्या कुठल्या रीतीनं आवरणार नाही.

चायनीजच्या पानावर यजमानांचा आवाज चढतो, कारण तिथे मेहुण्यांना माहिती देता येते. मंचुरियन चीनमध्ये कसं खातात हे ते सांगतात. प्रत्यक्षात हा पदार्थ १९७५च्या सुमाराला मुंबईत नेल्सन वँग यांनी पहिल्यांदा केला असं मानलं जातं. मूळ पदार्थ चिकनचा. त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची आणि सोया सॉस. कोबी-गाजराचे गोळे त्यात नंतर आले आणि महाराष्ट्रातल्या लग्नापर्यंत पोचले.

सगळं पुस्तक वाचून झाल्यावर ऑर्डर ठरते: मसाला पापड, टोमॅटो सूप वन बाय टू, व्हेज मंचुरियन ड्राय, काजू करी, पनीर बटर मसाला, बटर रोटी, शेवटी जिरा राइस आणि दाल तडका. मागच्या वेळचीही हीच होती. वेटरनं ती साहेब पान उलटत असतानाच अर्धी लिहून ठेवलेली असते.

आईचं वेगळं. तंदूरची रोटी गार झाली की तिला चावत नाही, म्हणून ती भाकरी आहे का विचारते. असते, हल्ली ‘गावरान’ नावाचं एक पानही असतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. पण घरात ज्वारीचं पोतं असलेल्या माणसाला त्या पानावरचा भाकरीचा दर सोसत नाही. “इथं येऊन भाकरी काय खायची, आई?” असं म्हणून यजमान तिच्यासाठी दहीभात सांगतात.

बिल बडीशेपेबरोबर येतं. यजमान आधी पाण्याच्या बाटल्या मोजतात, मग पापड. २०१७च्या नोव्हेंबरपासून अशा रेस्टॉरंटांत जीएसटी पाच टक्के आहे. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत छापतात, त्यामुळे आपल्याला दोनदा कापलं असं त्यांना दर वेळी वाटतं. तक्रार मात्र करायची नसते, कारण तोवर मेहुण्यांनी मोबाइल काढलेला असतो. “राहू द्या दाजी, मी देतो.” “असं कसं, आमच्या गावात?” झटापट थोडा वेळ चालते. लॉनवर नेट नसल्यानं दोघांचेही मोबाइल गोल फिरत राहतात. शेवटी यजमान पाकिटातून नोटा काढून फोल्डरमध्ये दाबतात.

उरलेली काजू करी पार्सल होते. ती रात्रभर फ्रिजमध्ये राहते. सोमवारी सकाळी बायको त्यात दोन वाट्या पाणी आणि चमचाभर काळं तिखट घालते, एक उकळी काढते, आणि यजमान ती भाकरी चुरून खाऊन कामावर जातात.