पाऊण डॉलर मोठा की एक?

निवृत्तीनंतर पुरुषांना अध्यात्म लागतं, बागकाम लागतं, नाहीतर शेअर बाजार लागतो. आमच्या ह्यांना कूपनं लागली. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी रविवारच्या पेपरातल्या बातम्या थेट रद्दीत जातात आणि मधल्या रंगीत पुरवण्यांना कुणी हात लावायचा नाही. मग कात्री, चष्मा आणि एक जाडजूड फाइल बाहेर येते. फाइलीत बेसबॉलची कार्डं ठेवायचे प्लॅस्टिकचे कप्पे. एकात साबण, एकात सीरियल, एकात कुत्र्याचं खाणं. आमच्याकडे कुत्रा नाही. "असू दे, दीड डॉलर सुटतोय," हे म्हणतात.

ह्या शास्त्राची मूलतत्त्वं मला जेवताना ऐकून ऐकून पाठ झाली आहेत. कूपनाच्या जाती दोन : माल बनवणाऱ्या कंपनीचं आणि दुकानाचं. कंपनीची कूपनं दुकान गठ्ठ्यानं पाठवून देतं आणि कंपनी कूपनाची रक्कम अधिक हाताळणीचे सहसा 8 सेंट दुकानाला भरून देते. दुकानाच्या कूपनाची झळ मात्र दुकानालाच. म्हणून बऱ्याच दुकानांत एका वस्तूवर एक कंपनीचं आणि एक दुकानाचं, अशी दोन्ही चालतात.

शिवाय आमच्या भागात काही दुकानं 99 सेंटपर्यंतचं कूपन दुप्पट धरायची. म्हणजे 75 सेंटच्या कूपनावर दीड डॉलर सुटायचा आणि एक डॉलरच्या कूपनावर एकच. पाऊण डॉलर हा एका डॉलरपेक्षा मोठा असतो हे ज्या दिवशी ह्यांच्या लक्षात आलं, त्या दिवशी जन्मभर केलेल्या इंजिनिअरिंगचं चीज झालं. कूपनावर अगदी बारीक अक्षरांत रोख किंमतही छापलेली असते, 1/100 सेंट. "दहा हजार कूपनं नेली तर रोख एक डॉलर," हे त्यांनी मला भर लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं.

हसायला येतं, पण मला ह्यांचं दुःख कळतं. दादरच्या मंडईत मेथीच्या जुडीसाठी भाव करत वाढलेला हा माणूस. अमेरिकेत भाव कुणाशी करणार? किमतीची चिठ्ठी फळीला चिकटवलेली. कूपन पुढे केलं की निदान चार पैसे कमी करायला लावल्याचं समाधान मिळायचं. गल्ल्यावरची बाईही "वा, छान वाचवलेत!" म्हणायची. ती बहुधा सगळ्यांनाच म्हणते; हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग कूपनं फोनमध्ये शिरली आणि नियम बदलले. ॲपमधलं कूपन आणि कागदी कूपन, दोन्ही कंपनीचीच असतील तर एका वस्तूवर एकच चालेल. तत्त्व म्हणून हे मला पटतं. एका लग्नात एका घरचा अहेर एकदाच. पण कुठलं चालेल हे आपण नाही ठरवायचं! गल्ल्यावर फोन नंबर टाकला, की ॲपमधलं कूपन आधी वळतं होतं आणि कागदी कूपनाला मशीन ठणकून नकार देतं. त्यात डिजिटल कूपन दुप्पट होत नाही. म्हणजे ॲपमधले 50 सेंट पुढे घुसतात आणि फाइलीतला दीड डॉलर हातात तसाच राहतो. एकदा ॲपमध्ये घेतलेलं कूपन परत काढताही येत नाही. बरं, नंबर टाकायचाच नाही म्हटलं, तर सेलचा भाव मिळत नाही.

2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरानं नियम केला, की डिजिटल सवलत देणाऱ्या किराणा दुकानांनी तीच सवलत कागदावरही द्यावी. ज्येष्ठांपैकी अनेकांकडे स्मार्टफोन नसतो, म्हणून. बातमी वाचून हे इतके हळवे झाले, की तिकडे राहायला जायच्या गोष्टी करू लागले. तिथल्या घरांच्या किमती दाखवल्यावर गप्प बसले. घरावर कूपन मिळत नाही.

शेवटी ह्यांनी तोड काढली. माझ्या नंबरावर दुसरं, कोरं खातं उघडायचं. डिजिटल फायद्याच्या वस्तू ह्यांच्या ट्रॉलीत, कागदी फायद्याच्या माझ्या. अडचण एकच. 'एका कुटुंबाला एकच खातं' अशी पाटी गल्ल्यावरच लावलेली. "मग आपण वेगवेगळे," हे म्हणाले. एवढा संसार करून हे वाक्य प्रथमच ऐकलं, तेही टूथपेस्टसाठी.

ठरल्याप्रमाणे हे पुढे, मी मागे. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "टुगेदर?" हे तत्परतेनं म्हणाले, "नो, नो!" इतक्या तत्परतेची गरज नव्हती. सामान पिशव्यांत भरून झालं, बिल झालं. ह्यांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, मग फाइलीचे कप्पे उलटे करून पाहिले. त्यांत सगळं होतं, पाकीट तेवढं नव्हतं.

"अगं," मागे वळून हे शुद्ध मराठीत म्हणाले, "तुझं कार्ड दे बघू जरा."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी गोड हसून ह्यांना विचारलं, "सॉरी, डू आय नो यू?"