एकच नग शिल्लक

ऑनलाइन लिलावातल्या खोट्या नाण्याचे दोन भाग असतात: धातूचा तुकडा आणि त्याची गोष्ट. तुकडा कुठल्याही भट्टीत होतो, खरी कारागिरी गोष्टीत असते. वऱ्हाडात चालणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एकीत अमरावतीच्या आजोबांची लाकडी पेटी उघडते, दुसरीत शेत नांगरताना फाळाला हंडा लागतो. दोन्हींच्या वर ‘अतिदुर्मिळ, एकच नग शिल्लक’ असे लिहिलेले असते आणि खाली, बारीक अक्षरात, उपलब्ध नग : ४०.

हंड्याची गोष्ट तपासायला सोपी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तेव्हा विकणारा एकतर गुन्हा कबूल करतो आहे किंवा थाप मारतो आहे; बोली लावणाऱ्याने मोठ्या मनाने थाप धरून चालावे. खरा हंडा निघाला की त्याचा बोभाटा होतो. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या, आता वाशीम जिल्ह्यात गेलेल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांची हजाराहून जास्त नाणी निघाली. वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे पुराणांच्या यादीत नसलेले राजे वर आले. लिलावातल्या हंड्यातून मात्र नेहमी ओळखीचेच राजे निघतात, आणि तेही भाव असलेले.

धातूची परीक्षा तराजूपासून सुरू होते. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. त्यात चांदी शेकडा ९१.७. सराफ्यातला आजचा तोळा दहा ग्रॅमचा. इथेच घोळ होतो. नकली रुपया बहुधा जर्मन सिल्व्हरसारख्या मिश्रधातूचा असतो, ज्यात सिल्व्हर फक्त नावापुरते. त्याच मापाचा असा तुकडा पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरतो आणि गिऱ्हाईक खूश होते: तोळ्याला जरासा कमी, झिजला असेल! पण चांदीची दोन ग्रॅम झीज व्हायची तर राणीचे नाक आधी जाते. इथे नाक शाबूत, वेणीचे पेडही मोजून घ्यावेत. अशा वेळी सराफ चष्मा कपाळावर सरकवून एवढेच म्हणतो, “काकाजी, हा रुपया त तुमच्या नातवाच्या वयाचा दिसून राह्यला.”

वजन जमवण्यासाठी नाणे जाड केलेले असेल तर ते दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोलावे. खरा रुपया पाण्यात १.१३ ग्रॅमने हलका होतो, जाड केलेला त्याहून जास्त. चुंबकाचा उपयोग एकाच बाजूने आहे. चिकटले तर निकाल लागला. नाही चिकटले तर काहीच सिद्ध झाले नाही, कारण पितळही चिकटत नाही. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते आणि अंगावर बुडबुड्यांची बारीक भोके. म्हणूनच लिलावातल्या फोटोत नाण्याच्या दोन्ही बाजू झळकतात, कड मात्र पडदानशीन असते.

काही नाण्यांना तराजूचीही गरज नसते, वाचता आले तरी पुरते. शिवरायांच्या होनावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असते. महाराजांची छबी नसते. ती नाण्यावर आली १९९९ मध्ये, भारत सरकारच्या दोन रुपयांवर. तरीही छबीचे ‘शिवकालीन’ होन विकले जातात. त्याहून धाडसी नाणे म्हणजे एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. ज्या वर्षी कंपनीने पेशवाई बुडवली त्याच वर्षी तिला रामभक्ती सुचली, असे हे नाणे सांगते. कंपनीच्या कुठल्याही टांकसाळीने ते पाडलेले नाही.

सगळ्यांत सभ्य फसवणूक सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाची. तो खरोखरच दुर्मिळ आहे, १९३८ चा सहज मिळतो. म्हणून १९३८ मधल्या इंग्रजी आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू कोरून त्याचा नऊ करतात. चांदी खरी, वजन खरे, राजा खरा. खोटे फक्त एक वर्ष. भिंगाखाली त्या नवाजवळचा धातू खरवडलेला दिसतो.

नाणे खरे आणि भाव खोटा, हाही प्रकार आहे. २०१२ मध्ये निघालेले वैष्णोदेवीचे पाच आणि दहा रुपये लाखांत विकत घेणारे भेटतात. फक्त आधी ‘कमिशन’ किंवा ‘टॅक्स’ भरायचा असतो, तोही रिझर्व्ह बँकेच्या नावाने. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितले की या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि असले पैसे ती मागत नाही.

फसलेला माणूस तक्रार क्वचितच करतो, कारण मग घरी किंमत सांगावी लागते. नाणे काही महिने कपाटात राहते आणि एका रात्री पुन्हा बोलीवर येते. या वेळी पेटी अकोल्याच्या आजोबांची असते.