गळतीवर विचार चालू आहे

पुण्यात जुनी स्टेशन वॅगन बाळगणारा माणूस ओळखायला गाडी पाहावी लागत नाही, ती उभी राहते तिथली जमीन पाहिली तरी पुरतं. सहकारनगर किंवा मयूर कॉलनीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीत इंजिनाच्या बरोबर खाली कालचा 'सकाळ' अंथरलेला असतो. त्यावर पडलेल्या तेलाच्या प्रत्येक डागाभोवती बॉलपेननं गोल काढून शेजारी तारीख घातलेली असते. हे आपले वॅगनवाले काका. गाडी बहुधा टाटांची इंडिगो मरीना, २००४ साली बाजारात आलेली. क्वचित त्याहून थोर, म्हणजे १९९२ची इस्टेट. इंजिन गळतंय हे काकांना पूर्ण मान्य आहे. ते करून घ्यायचं की नाही यावर विचार चालू आहे, आणि तो बरीच वर्षं चालू आहे. सोसायटीचं मत असं की माणूस चिकट आहे. हा काकांवर अन्याय आहे. काका हिशेबी आहेत, आणि हिशेब पुरा झाला की निर्णय घ्यावा लागतो हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते हिशेब पुरा होऊ देत नाहीत.

चिकटपणाचा आरोप टिकत नाही, कारण चिकट माणूस पैसे वाचवतो. काकांचे निर्णय न घेण्यावर जेवढे खर्च झालेत तेवढ्यात टॅपेट कव्हरचं पॅकिंग केव्हाच बदलून झालं असतं. दर महिन्याला वरून घालायचं तेल आहे, सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरचे डाग काढायची पावडर आहे, नाना पेठेत खेपा घालून 'असू द्यावं' म्हणून आणून ठेवलेली ऑइल सील आहेत. ती सील कपाटात पडून पडून इंजिनातल्या सीलइतकीच कडक झाली आहेत. शिवाय मिस्त्री. पहिला म्हणतो, टॅपेट कव्हर. दुसरा गाडीखाली सरकून बॅटरी मारतो आणि म्हणतो, "काका, मागचं क्रँक सील आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." म्हणजे सील किरकोळ किमतीचं आणि मजुरी अवाच्या सवा. तिसरा काही न पाहताच म्हणतो, "इंजिनच करून टाका एकदा." काका तिघांचंही म्हणणं वहीत उतरवून घेतात आणि चौथ्याचा पत्ता विचारतात.

गंमत अशी की गळतीचं शास्त्र या तिघांपेक्षा काकांना जास्त कळतं. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं, तेव्हा जिथून थेंब पडतो ती जागा बहुतेक वेळा गुन्हेगार नसते. सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधायची, हे ते पोरांनाही समजावून सांगतात. थेंब म्हणजे साधारण मिलिलिटरचा विसावा भाग; मिनिटाला एक पडला तर दिवसाला बहात्तर मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरच्या वर, हा गुणाकार त्यांना तोंडपाठ आहे. ब्रीदर काजळीनं तुंबला की इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. तेव्हा पैसे खर्चण्याआधी ब्रीदर साफ करावा, हे अगदी बरोबर आहे. पण ब्रीदर साफ केला आणि गळती थांबली तर? वही बंद करावी लागेल. म्हणून ज्ञान असं वळवलं जातं: रिंगा झिजल्या असतील तर दाब त्यांच्यामुळेही वाढत असेल, मग नुसता ब्रीदर साफ करून काय उपयोग, आणि रिंगांना हात घालायचा तर इंजिन उतरवायचं, आणि उतरवायचंच तर क्लच प्लेटही बघायला हवी. तीन पायऱ्यांत साफसफाईचं काम ओव्हरहॉलपर्यंत पोचतं, आणि ओव्हरहॉल म्हटलं की विचार करायला पुन्हा दोन पावसाळे मिळतात.

व्यवहारी लोक म्हणतात, गाडीला भंगारवालासुद्धा भाव देईना, तिच्यावर एवढा खर्च कशाला? हा आक्षेप दिसतो तेवढा पक्का नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघणं हीच मुळात चूक; तो ताडायचा नव्या गाडीच्या हप्त्यांशी. तसं पाहिलं तर मोठं काम निघालं तरी ते काही महिन्यांच्या हप्त्यांत बसतं. त्यात घ्यायची तरी कोणती? आपल्याकडे वॅगन रुजलीच नाही. बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, सिएना वीकएंड एकेक करून गेल्या, आणि आता शोरूममध्ये मागच्या दारानं आडवी शिडी, तंबोरा आणि कोकणातून आंब्याच्या पेट्या एकाच वेळी घेईल अशी बुटकी लांब गाडी मिळत नाही. हे सगळं काकांच्या वहीत आहे, आणि त्यातून निघणारं उत्तर स्पष्ट आहे: दुरुस्त करा. नेमकं तिथे पान संपतं. गाडीवर जीव आहे म्हणून विकवत नाही असं कुणी म्हणेल, तर जीव असलेला माणूस आधी गळती बंद करतो.

धोक्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मागच्या सीलचं तेल क्लच प्लेटवर गेलं तर कात्रज घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. टायमिंग बेल्टला तेल लागत राहिलं तर रबर फुगतं, आणि तो बेल्ट तुटला की पुढचं बिल खरोखरच ओव्हरहॉलचं असतं. हे दोन सापडले तर त्याच आठवड्यात काम करावं, इथे काकांची बाजू घेता येत नाही. टॅपेट कव्हरच्या ओलाव्याला मात्र एवढं घाबरायचं कारण नाही. उलट रोज सकाळी डिपस्टिक काढून पुसून बघणारे काकाच इंजिन कोरडं पडू देत नाहीत. नव्या गाडीचं बॉनेट कुठल्या खटक्यानं उघडतं हे मालकालाच माहीत नसतं.

पंधरा वर्षं झाली की आरटीओची वेळ येते. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५००० झाली, वर पर्यावरण कर. काका एका दमात भरून टाकतात. पासिंगच्या आदल्या दिवशी इंजिन असं धुऊन घेतात की वर्षानुवर्षांचा सगळा पुरावा गटारात जातो. गाडी पाच वर्षांसाठी पास होते. "अहो, आता तरी ते गळतं तेवढं करून घ्या," काकू म्हणतात. "आता? आत्ताच तर धुतलंय," काका म्हणतात, "कुठून गळतंय ते आधी दिसू तर दे."