साधा वर्तमानकाळ

परकी भाषा शिकायला बसलेल्या माणसाला सुरुवातीचे काही महिने भूतकाळ नसतो. पुस्तकात तो बराच मागच्या पानांवर असतो, आणि भविष्यकाळ त्याच्याही पलीकडे. तोवर तुम्ही नुसते असता. कुठेतरी राहता, काहीतरी शिकता, सफरचंद खाता, आणि हवा छान असते. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं, तेव्हा हे सुख मला आपसूक मिळालं. दिवसभर कॉलेजात दोनच काळ चालायचे. एक, राहिलेल्या विषयांचा भूतकाळ आणि दुसरा, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचा भविष्यकाळ. एम-थ्रीची केटी लागलेला मुलगा ‘आज’ नावाच्या दिवसात फारसा राहतच नाही. संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या फाटकातून आत शिरलं, की मात्र दोन्ही काळ सायकलबरोबर बाहेर स्टँडवर लावून यावे लागत. त्यांची क्रियापदंच आम्हाला येत नव्हती. जर्मनमध्ये ‘उद्या’ एवढा शब्द जोडला की वर्तमानकाळावर भविष्याचंही भागतं, हे कळल्यावर तर मी निश्चिंत झालो. आपणही ‘उद्या येतो’ म्हणतोच, आणि येत नाही.

आमची वाक्यं बिनफर्निचरच्या नव्या फ्लॅटसारखी होती : स्वच्छ, किंचित घुमणारी आणि बसायला कुठेच जागा नसलेली. त्यात राहायचं तर आयुष्यही तेवढंच आटोपशीर करून घ्यावं लागे. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. पाटबंधारे कुठल्याच धड्यात आले नव्हते, म्हणून संध्याकाळपुरते ते शिक्षक झाले. आमच्याकडे कुत्रा नव्हता. पण कुत्रा सोपा होता, म्हणून पाळला. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, ज्यांची लोकल रोज चुकायची, जर्मनमध्ये नेहमी वेळेवर पोचत, कारण ‘चुकणं’ अजून शिकवलेलं नव्हतं. ही खोटी माहिती होती असं मला आजही वाटत नाही. आमच्या शब्दसंग्रहाला जेवढं परवडत होतं, तेवढ्यात आम्ही सगळे सुखी होतो. इच्छा व्यक्त करायची सोय तर अगदी पहिल्या धड्यांपासून होती, पण ती कॉफी आणि केकपुरती. ‘असं झालं असतं तर’ या जातीच्या मोठ्या इच्छांचं व्याकरण पुढच्या इयत्तांसाठी राखून ठेवलेलं होतं, आणि माझ्या मते त्यात शहाणपण होतं. विसाव्या वर्षी माणसाने आधी कॉफी मागायला शिकावं.

पदवीच्या जोडीला असा भाषेचा वर्ग लावण्याची चैन आमच्याआधी एका जर्मन मुलानेही केली होती. १८४१मध्ये तो लाइपझिगच्या विद्यापीठात दाखल झाला. १८४३मध्ये त्याने डॉक्टरेट घेतली ती स्पिनोझाच्या नीतिशास्त्रावर. पण मधल्या काळात हर्मान ब्रोकहाउस या प्राध्यापकांच्या संस्कृतच्या तासांना तो जाऊन बसत असे. १८४४मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने हितोपदेशाचा जर्मन अनुवाद छापला. हा माक्स म्युलर. पुढे त्याने ऋग्वेद सहा खंडांत संपादित केला, त्यात १८४९ ते १८७४ एवढी वर्षं घातली, आणि हिंदुस्थानात मात्र कधी पाऊल ठेवलं नाही. गटे इन्स्टिट्यूटची भारतातली केंद्रं आज त्याच्या नावाची भवनं म्हणून ओळखली जातात. मला त्याचा हेवा वाटायचा तो त्याच्या वाचनपाठांचा. त्याला शिकताना सोन्याचं कडं दाखवून वाटसरूला चिखलात बोलावणारा म्हातारा वाघ मिळाला, आणि आम्हाला बसची वाट पाहणाऱ्या म्युलरबाई. वाघाशी अस्खलित बोलू शकणाऱ्या त्या माणसावर भारतातल्या एखाद्या स्टेशनात तिकीट मागण्याची वेळ कधी आली नाही. आम्ही तिकीट मागण्यात पारंगत झालो, आणि आमच्यापैकी बहुतेकांना जर्मनीचं स्टेशन काही दिसलं नाही.

वर्गात एक काका होते. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. निगडीहून पीएमटीने यायचे, पहिल्या बाकावर बसायचे. मॅडम त्यांना ‘हेर’ लावून हाक मारत, आम्ही काका म्हणत असू. मुलगा श्टुटगार्टला होता, आणि तिकडे वाढणाऱ्या नातीला मराठी नीट येत नसल्यामुळे आजोबांनीच जर्मन शिकायचं ठरवलं होतं. कुटुंबाच्या धड्यात त्यांनी सांगितलं, माझी पत्नी छान स्वयंपाक करते. घराच्या धड्यात सांगितलं, संध्याकाळी आम्ही बाल्कनीत चहा घेतो. त्या बाल्कनीतल्या कुंड्यांचे रंगसुद्धा आम्हाला पाठ झाले होते. मग एकदा वर्ग सुटल्यावर आम्ही त्यांना ‘वैशाली’त ओढून नेलं. तिथे डोसा मोडता मोडता ते सहज मराठीत म्हणाले, “ही गेली त्या वर्षी मी डबा लावला.” आम्ही चटणीकडे पाहत राहिलो. काका डोसा मात्र चवीने खात होते.

दिवाळीच्या सुटीनंतर भूतकाळ आला. वर्ग हरखून गेला. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळ्यांना एकदम सांगायचं होतं. बँकेतल्या ताईंची लोकल पहिल्यांदा चुकली. माझा कुत्रा मी त्या संधीचा फायदा घेऊन मारून टाकला. मॅडम भारी कडक. फळ्यावर एकही चुकीचा प्रत्यय राहू देत नसत. काकांची पाळी आली. ते उठले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, माझी पत्नी सूप करते. सूप त्यांनी मराठीच्या सवयीने नपुंसकलिंगी केलं होतं. मॅडम क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सांगितलं, की जर्मनमध्ये सूप स्त्रीलिंगी असतं. काकांनी ते वहीत टिपून घेतलं, आणि सूप दुरुस्त करून वाक्य पुन्हा म्हटलं.